पाणी नको, घाईत आहे

विनोदी पुस्तकाने माणूस घाबरतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याची जाहीर टर उडवली असती. पण झालं ते तसंच. ज्या पुस्तकाने मला एका छापखान्याच्या बाकावर पोट धरून हसवलं, त्याच पुस्तकातलं एक पान पुढे मला आमच्या घराची बेल वाजली की आठवायला लागलं.

आधी पुस्तकाबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे आणि त्यातले निम्मे त्यामुळेच मला टाळतात.

छापखाना शनिवार पेठेत. चाचांचा. त्यांच्या वडिलांचा होता, त्याआधी आजोबांचा. लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, उरुसाची पोस्टरं आणि आमच्यासारख्या भांडखोर लोकांची पत्रकं, सगळं तिथे एकाच मशीनवर छापलं जायचं. मी प्रूफ बघायला गेले होते आणि प्रूफ यायला वेळ होता. शेल्फवर एक बारकं पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर ना चित्र, ना लेखकाचं नाव. उघडलं, तर सुरुवातीलाच असं काहीतरी होतं की राजा सारीपाटात रात्र हरला, तेव्हापासून गावातल्या मारेकऱ्यांचे फार हाल चालले आहेत.

बस्स. मी गेले कामातून.

गोष्ट एवढीच. एका शहरात कायम दिवस असतो, कारण राजा शेजारच्या राजाशी खेळताना रात्र हरलाय. तिकडच्यांकडे आता दोन रात्री आहेत, ते मजेत झोपतात. इकडे सगळ्यांची झोप उडालीय, पण खरी पंचाईत झालीय मारेकऱ्यांची. अंधार नाही, तर मारायचं कधी? दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीसमोर जायचं म्हणजे रीतभात आली. म्हणून त्यांची सभा भरते आणि नियम ठरतात. मारेकऱ्याने दार वाजवायचं. आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं, कुणी पाठवलं ते सांगायचं. आणि घरच्यांनी दिलेलं पाणी तो प्यायला, तर दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्या घरात हत्यार काढायचं नाही. आता ज्या गावात रात्रच होत नाही तिथे दुसरा दिवस उजाडणार कसा? म्हणजे एकदा पाणी प्यायलं की ते घर कायमचं सुटलं! मग काय, सगळं शहर तांब्या घेऊन दारात उभं. आणि मारेकरी बिचारे गल्लीबोळातून पळतायत, ‘पाणी नको, पाणी नको, घाईत आहे’ करत.

नायक जाडा, घामोळ्यांनी हैराण, तलवार छत्रीच्या खोळीत घालून हिंडणारा. त्याला तहान फार. जन्मात एक काम त्याच्या हातून पुरं झालेलं नाही. घरी बायको विचारते, झालं का? हा म्हणतो, कसलं होतंय, वाळ्याचं पाणी होतं गं. एका घरात त्याला ताक देतात. तर ताक हे पाणी धरायचं की नाही, यावर मारेकऱ्यांची जी सभा बसते ती पुस्तक संपलं तरी उठत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे, त्याला हे अद्भुत वाटणार नाही. त्याला हे इतिवृत्त वाटेल.

मी मोठ्याने हसत होते. मशीनवरचा माणूस दोनदा वळून बघून गेला.

“चाचा, हे कुणाचं आहे?”

“आमच्या वडिलांनी छापलंय,” चाचा म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “लिहिणाऱ्यांनी सांगितलं होतं, नाव घालू नका.”

“का?”

“पेठेत राहायचं होतं त्यांना. विनोदी पुस्तक लिहिलंय हे कळलं असतं, तर लोकांनी नमस्कार करणं बंद केलं असतं.” मग शेवटचं पान उलटून तळाची बारीक ओळ दाखवली. “वडिलांचं नाव मात्र आहे बघ. मुद्रकाचं घालावंच लागतं. लेखक पळून जाऊ शकतो, छापणारा नाही.”

तेव्हा मी त्या वाक्यालाही हसले.

मला हसण्याबरोबर संतापही आला. विटेएवढ्या जाड ऐतिहासिक कादंबऱ्या आपण दिवाणखान्यात मांडून ठेवतो, आणि एका बैठकीत वाचून होणारं हे रत्न माळ्यावर सुतळीत बांधून पडलंय! चाचांकडे एक गठ्ठा शिल्लक होता. त्यातल्या प्रती मी हक्काने उचलायला लागले. पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटातल्या प्रत्येकाला दिली. सभेला येणाऱ्यांना पत्रकासोबत दिली. सदाशिव पेठेत दादांच्या खोलीवर आमचा गट जमायचा, तिथे मी ताकाच्या सभेचा भाग उभं राहून वाचून दाखवला. दादा आमच्यातले सगळ्यांत मोठे, केस आंदोलनांत पांढरे झालेले. ते म्हणाले, “अगं, मोर्चाच्या आधी लोकांना हसवत जाऊ नकोस. घोषणा मग फुसक्या निघतात.” पण प्रत त्यांनीही खिशात घातली, मी पाहिलं.

आईने ती शिवणाच्या मशीनवर ठेवून वाचली. आमचं घर विश्रांतवाडीत, पहिल्या मजल्यावर. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आई ब्लाउज शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. दाराबाहेर तशी पाटी आहे. दिवसभर बायकांची ये-जा, दिवसभर बेल. एक बाही जोडायची, एक पान वाचायचं, असं तिने ते संपवलं आणि निकाल दिला, “बायकोने त्याला घरूनच पोटभर पाणी पाजून पाठवायला हवं होतं. पण मग गोष्ट कुठली?”

एकच पान मला आवडलं नव्हतं. मध्येच एक मारेकरी येतो ज्याला तहान नाही. तो नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. पाणी पुढे केलं की शांतपणे म्हणतो, “नको. घाईत आहे.” तीच वाक्यं, पण इथे कुणी पळत नाही. तो काम उरकतो आणि जातो. पुढे त्याचा विषय कुणी काढत नाही, सभेतही नाही. मला वाटलं, लेखकाचा इथे हात घसरला. वाचून दाखवताना मी ते पान गाळायचे, आणि हे चाचांनाही सांगितलं होतं.

आता ओढ्याचं.

आळंदी रस्त्याला आमच्या पुढे एक ओढा आहे. आहे म्हणते, कारण होता म्हणायची माझी तयारी नाही. एका बांधकाम कंपनीने त्यात डंपरच्या डंपर राडारोडा टाकून तो बुजवत आणला होता, वर इमारत उभी करायची म्हणून. पाऊस पडला की ते पाणी जाणार कुठे? खालच्या अंगाच्या घरांत. साधा हिशोब आहे, शाळेतल्या पोराला कळेल. ज्यांना हे कळण्याचाच पगार मिळतो त्यांनाच तेवढा कळत नव्हता. म्हणून आम्ही पत्रकं काढत होतो. पेपर टाकणारी मुलं ती पेपरच्या घडीत घालायची, चहाबरोबर घराघरांत पोचायची.

पत्रक लिहायला मला दादांनी शिकवलं. “पहिल्या ओळीत कोण. दुसऱ्या ओळीत काय केलं. विशेषणं शेवटी, जागा उरली तर. आणि तळाशी आपलं नाव आणि घरचा पत्ता. निनावी कागद म्हणजे भिंतीवरची लघुशंका. वास येतो, माणूस सापडत नाही.” हा आमच्या गटाचा नियम. पत्रक ज्याने लिहिलं त्याचं नाव आणि पत्ता. ओढ्याची पत्रकं मी लिहायचे. म्हणजे तळाशी माझं नाव, आणि माझा पत्ता म्हणजे आईच्या पाटीचा पत्ता.

एका दुपारी मी बाहेरून आले. आईने जेवायला वाढलं. मी जेवले, हात धुतले, तेव्हा ती म्हणाली, “एक माणूस येऊन गेला.”

“कोण?”

“नाव नाही सांगितलं.”

तिने बेल ऐकून दार उघडलं, कारण तिचं कामच दार उघडण्याचं. बाहेर हेल्मेट हातात घेऊन एक तिशीचा माणूस. स्वच्छ शर्ट. तिला वाटलं, बायकोचं माप घेऊन आला असेल. “या,” म्हणाली, आणि उन्हातून आलाय म्हणून माठातलं पाणी दिलं. तो फुलपात्र उंच धरून वरून पाणी प्यायला, एक थेंब न सांडता. मग खिशातून आमचं पत्रक काढलं आणि तिच्या मशीनवर ठेवलं. घडी अशी घातलेली की वर फक्त पत्ता दिसावा.

“काकू, ही तुमची मुलगी ना?”

“हो.”

“पत्ता छापलाय ते बरं केलं. शोधावं लागलं नाही.” मग म्हणाला, “रोज स्कूटीवर जाते ना आळंदी रोडने? ट्रक फार असतात हो त्या रस्त्याला. जपायला सांगा.” फुलपात्र त्याने स्वतःच नीट मोरीत नेऊन ठेवलं. “पाणी गार आहे तुमचं,” म्हणाला, आणि गेला.

आई हे सांगताना हसत होती. “मी पाणी दिलंय,” म्हणाली. “तुझ्या पुस्तकाप्रमाणे आता आपल्याला कुणी हात लावू शकत नाही.”

बोलता बोलता ती सुईत दोरा ओवत होती. दोरा जात नव्हता. तिने तो तोंडात ओला केला, पुन्हा धरला, तरी जाईना. शेवटी सुई पिनकुशनमध्ये खोचून ठेवली आणि हात मांडीखाली घेतले.

मी चौकीत गेले. आपल्याला कायदा माहीत आहे असं वाटणाऱ्या माणसाच्या तोऱ्यात गेले. समोरच्या साहेबांनी ऐकून घेतलं. “घरात घुसला?” “नाही, आईनेच बोलावलं.” “शिवी दिली?” “नाही.” “काही उचललं, फोडलं?” “नाही. पाणी प्यायला.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “आणि ट्रक असतात म्हणाला. असतातच की ट्रक.” बाहेर येऊन मी स्कूटीजवळ उभी राहिले आणि मला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. पुस्तकातल्या मारेकऱ्यांना नाव सांगायचा नियम होता, गाव सांगायचा नियम होता. आमच्या शहरात नाव-गाव सांगण्याची जबाबदारी फक्त ज्याला मारायचं त्याची.

त्यानंतरची भीती मला नीट सांगता येत नाही. भीतीवर पत्रक लिहिता येत नाही, कारण तिच्या पहिल्या ओळीत कोण लिहायचं तेच कळत नाही. स्कूटीच्या आरशात दिसणारं प्रत्येक हेल्मेट त्याचं. सिग्नलला शेजारी कुणी थांबलं की मी त्याच्या हातांकडे बघत बसायचे. ट्रकचा हॉर्न मागून आला की मी मातीत उतरायचे, मग पुन्हा रस्त्यावर चढताना चाक घसरायचं, आणि वाटायचं, अशीच मरेन मी, त्यांना काही करावंच लागणार नाही. मी घराबाहेर असले की तासातासाला फोन. “आई, काय करतेस?” “शिवतेय.” “कोण आलंय?” “समोरच्या वहिनी.” “दार लावून घे.” “दार लावून गिऱ्हाईक कसं येणार?”

ते तर होतंच. मी सेफ्टी डोअरला साखळी लावून घेतली. आई बेल वाजली की आधी दारातल्या भिंगातून बघायची, मग विचारायची “कोण?”, मग साखळी काढायची. बायका तेवढ्या वेळात म्हणायच्या, अहो काय हे, आम्ही काय चोर आहोत का? दोघीतिघींनी दुसरीकडे कापड टाकलं. आणि तरीही आई प्रत्येकीला आधी पाणी द्यायची. मी एकदा चिडून म्हटलं, कशाला सगळ्यांना पाणी? ती म्हणाली, “सवय आहे माझी. ती पण काढून टाकू का?”

मी पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. मला हसायचं होतं. ताकाच्या सभेला मला नेहमी हमखास हसू यायचं, तिथेही आलं नाही. मी न आवडलेल्या पानावर गेले आणि ते तीनतीनदा वाचलं. लेखकाचा हात कुठेच घसरला नव्हता. त्याने आधी एवढं हसवलं होतं ते या पानापर्यंत आपल्याला बेसावध आणायला. नाव न घालणाऱ्या त्या माणसाला काय माहीत होतं आणि कसं, हा प्रश्न मला पडला, आणि मग मी पुस्तक उशाखाली न ठेवता कपाटात ठेवलं.

पुढचं पत्रक तयार होतं. दादांच्या खोलीवर मी ते वाचलं. दादा म्हणाले, “मजकूर चांगला आहे. पत्ता काढ.”

“काय?”

“तळाचं नाव, पत्ता काढून टाक. ‘जागरूक नागरिक’ लिही.”

“दादा, भिंतीवरची लघुशंका कोण म्हणालं होतं?”

“मीच म्हणालो होतो. मी एकटा राहतो. माझ्या दारावर कुणी आलं तर ते माझ्यापुरतं. तुझ्या दारावर आलं तर दार तुझी आई उघडते.” त्यांचा आवाज चढला नव्हता. मला तो चढायला हवा होता, म्हणजे भांडता आलं असतं. “तत्त्व माझं आहे गं. आई तुझी आहे.”

मला राग आला, कारण ते खरं बोलत होते. मी तावातावाने जिना उतरले. पण खाली येऊन पेन काढलं आणि कागद स्कूटीच्या सीटवर ठेवून पत्त्यावर आडवी रेघ मारली. आईच्या मांडीखालचे हात मला दिसत होते. तशीच शनिवार पेठेत गेले.

चाचांनी कागद वाचला. रेघ बघितली. मग नेहमीसारखं तळाला पेन्सिलने आपली ओळ लिहिली. मुद्रक, खाली त्यांचं नाव, छापखान्याचा पत्ता.

“हे राहणार?” मी विचारलं.

“हे राहतंच, बेटा. कायदा आहे. तू तुझं काढलंस, माझं कुठे काढणार?”

मी कागदाकडे बघितलं. ओढा, राडारोडा, पहिल्या ओळीत कोण, दुसऱ्या ओळीत काय. आणि सगळ्यांत खाली आता एकच नाव उरलं होतं, चाचांचं. ज्यांना ते नाव वाचून काय करायचं ते सुचेल असे लोक या शहरात आहेत, आणि ते मला सांगायची गरज नाही, चाचांनाही नव्हती.

“छापू?” त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात, जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात.

“उद्या सांगते.”

घरी आले तर आई एका पोलक्याचे हूक लावत होती. मी तिला सगळं सांगितलं. रेघ मारल्याचंही, आणि मग तळाला काय उरलं तेही. तिने दोरा दाताने तोडला.

“म्हणजे आपला काढला की त्यांचा एकट्याचा राहतो.”

“हो.”

“मग विचारतेस काय?”

“आई, तो परत येईल.”

“येईल की. मला काय भीती वाटत नाही असं वाटतं का तुला? दुपारी तर मी मशीन थांबवून नुसती बसते.” तिने पुढचा हूक हातात घेतला. “पण मला भीती वाटते म्हणून त्याला चाचांच्या दारावर पाठवायचं? त्यांच्याकडे काय पाणी कमी गार आहे?”

पत्रक निघालं. तळाशी माझं नाव, आमचा पत्ता, त्याखाली चाचांचं नाव. दादांनी ते हातात घेतलं, तळापर्यंत वाचलं आणि निम्मा गठ्ठा स्वतः वाटायला घेऊन गेले.

आणि मग बेल वाजायला लागली.

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पत्ता शोधत फक्त वाईट माणसंच येतात असं थोडंच आहे? खालच्या अंगाच्या घरांतले लोक पत्रक हातात घेऊन यायला लागले. कुणाच्या फोनमध्ये गुडघाभर पाण्यातल्या गादीचा फोटो, कुणाकडे भिजून फुगलेलं रेशनकार्ड. प्रत्येक बेलला आईचा चेहरा उतरायचा, भिंगातून बघायची, “कोण?” विचारायची, साखळी काढायची, पाणी द्यायची. मी घरी असले की तिच्या मागे उभी राहायचे. हातात मी लाटणं धरायचे, काय करणार होते त्याने देव जाणे. लोक वाढले, भीती कमी झाली नाही. उलट वाटायचं, एवढ्यांतून तो कधी आत येईल ते कळणारही नाही.

तो रविवारी आला. घर भरलेलं होतं, दाराबाहेर चपलांचा ढीग. त्यामुळे साखळी काढलेलीच होती. मी खाली बसून तक्रारींचा मसुदा करत होते. मान वर केली तर तो दारात. तेच हेल्मेट, आईने वर्णन केलेला तोच स्वच्छ शर्ट. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं आणि तरी लगेच ओळखलं, कारण आईचा हात माठावर जागच्या जागी थांबला होता.

तो चपलांकडे बघत होता. मग आत, माणसांकडे. मोजल्यासारखं.

आईने फुलपात्र भरलं. पाणी थोडं सांडलं. ती दारापर्यंत गेली आणि ते त्याच्यापुढे धरलं.

“नको,” तो म्हणाला. “घाईत आहे.”

त्याने पुस्तक वाचलेलं असणं शक्य नव्हतं. लोक असं रोज म्हणतात, कुठल्याही दारात. पण मला ते पान दिसलं, पानाच्या कोपऱ्यासकट. मला उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं. आई हात मागे घेत नव्हती. ती तशीच फुलपात्र धरून उभी.

कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. जुन्या गावातले. त्यांचं शेत शहराच्या पोटात गेलं होतं आणि गोठा ओढ्याच्या काठी उरला होता. त्यांनी डोळे बारीक केले.

“कुनाचा रं तू?”

त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

“थांब, थांब. वळखलं. देवळामागं वळतंय त्या बोळातलं घर ना तुमचं? दारात लिंब हाय? आरं, तुजा आजा आन मी एका शाळंत व्हतो!” आजोबांच्या आवाजात नुसता आनंद होता, त्यांना बाकीचं काहीच माहीत नव्हतं. “मोटा झाला की लेका. घे की पानी, बाई कवाची उभी हाय.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. पहिल्यांदाच तो नुसतं हेल्मेट आणि शर्ट उरला नाही. एक बोळ. एक लिंबाचं झाड. शाळेत गेलेला आजा. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने फुलपात्राकडे पाहिलं, हात अर्धवट उचलला, मग खाली घेतला आणि वळून जिना उतरून गेला. त्याने पाणी घेतलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण गटातले लोक पुढे ही हकिकत सांगताना तो पाणी प्यायला आणि पाया पडला असं सांगायला लागले. नाही प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं ते रागाने हात दुखेपर्यंत. पहिल्या ओळीत कोण. आता मला कोण ते माहीत होतं. देऊळ, बोळ, लिंब, सगळं लिहिलं. नाव आजोबांकडून घेतलं. ज्याने आमचा पत्ता घडी घालून आईच्या मशीनवर ठेवला, त्याचा पत्ता आता घराघरांत पेपरच्या घडीतून जाऊ दे. कळू दे बेल वाजली की काय होतं ते.

चाचांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

“हे मी छापणार नाही.”

“का? खरं आहे सगळं.”

“खरं आहे. पण त्या घरात पण दुपारी बेल वाजली की दार कुणीतरी बाईच उघडत असेल.”

मी वाद घातला. बराच घातला. चाचांनी मध्ये एका लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकाला रंग दाखवले, पाकीट निवडून दिलं, आणि परत आले तेव्हाही त्यांचं उत्तर तेच होतं. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. मी नावाची ओळ खोडली एवढंच. बोळ खोडला, लिंब खोडला. त्या जागी जिच्यासाठी तो आला होता त्या बांधकाम कंपनीने ओढ्यात काय टाकलं ते लिहिलं. आणि तळाशी आमचा पत्ता ठेवला.

निघताना चाचांनी माळ्यावरून पुस्तकाचा उरलेला गठ्ठा काढला. “ने. इथे उंदीर वाचतायत. निदान हसणारं कुणी वाचू दे.”

“मला आता तेवढं हसू येत नाही, चाचा.”

“मग ते पान पण वाचून दाखव जे तू गाळतेस.”

मी पत्रकांचा गठ्ठा आणि पुस्तकांचा गठ्ठा स्कूटीवर पायांमध्ये ठेवला. पाय ठेवायला जागा उरली नाही, गुडघे बाहेर काढून चालवावं लागत होतं. पूल ओलांडला, सिग्नल गेले, आळंदी रस्ता लागला. आईला फोन करून झाला होता, ती शिवत होती, समोरच्या वहिनी आल्या होत्या.

आरशात एक ट्रक दिसला. त्याने हॉर्न दिला. मी कडेला मातीत उतरले, पाय टेकले, गठ्ठे गुडघ्यांनी दाबून धरले आणि थांबले. ट्रक धूळ उडवत शेजारून गेला. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी आरशात पाहिलं. त्याच्या मागे दुसरा होता.